तांब्याभर पाणी

पालिकेच्या शाळेतला चौथीचा वर्ग. बाकं भिंतीला सरकवून बेघर झालेली माणसं जमिनीवर बसली होती. काल सकाळी ठाकुर्लीतल्या गोकुळ सदनच्या दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी पडली आणि तिच्यासोबत तिथं राहणारा पोपट गेला. आज त्याची बायको मालन चौकशीला आलेल्या पालिकेच्या इंजिनियर बाईंसमोर बसली होती. तिच्या मागे, पिशवी पोटाशी धरून, खालच्या मजल्यावरची शेवंती.

"गॅलरीत दोनशे लिटरचा पिंप भरून ठेवलेला यांनी," मालकाचा माणूस सीताराम म्हणाला. "वजनानं गेली मॅडम. इमारत चांगली होती."

"खोटं बोलू नको मेल्या," मालन म्हणाली. "पिंप मोरीत आहे. जा, बघून ये, जिना राहिला असेल तर."

कुणी हसलं नाही.

"भिंत कधीपासून खराब होती?" बाईंनी विचारलं.

"तीन वर्षं झाली."

"यंदाच्या पावसातलं आहे सगळं," सीताराम म्हणाला. "तीन वर्षं कुणी बोललं का?"

"तुलाच बोललो की. जिन्यात उभं करून."

"लेखी दिलं होतं?" बाईंनी पेन थांबवलं. "लेखी काही असेल तर दाखवा. नाहीतर अहवालात पिंपच येईल."

मालननं वळून मागे पाहिलं.

"मावशी, तुझी वही."

शेवंतीनं पिशवी आवळली. "त्यात तसलं काही नाही गं."

"तू रोज लिहितेस ना? साक्षरता वर्गातल्या बाईंनी सांगितलेलं, रोज एक चांगली गोष्ट लिही म्हणून. आमच्या भिंतीचं असेल काहीतरी."

"चांगलंच लिहिलंय. वाईट कधी लिहिलं नाही."

"दे."

वहीत काय आहे ते शेवंतीला पाठ होतं. कोणत्या पानावर काय आहे तेही. मालन वाचत वाचत त्या पानावर येणार होती. आणि वही दिली नाही, तर पोपट पिंपानं मेला असं कागदावर राहणार होतं.

तिनं वही दिली.

मालन मोठ्यानं वाचू लागली. अक्षरं मोठी होती, ओळीत एकेक शब्द सुटा बसवलेला.

"दोन हजार बावीस. नागपंचमी. आज वरच्या गॅलरीखाली भिंतीत पिंपळ उगवला. पानं दोन. तांब्याच्या रंगाची."

"बावीस," बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं. सीतारामनं पाय जवळ ओढून घेतले.

"झाड तोडलं का नाही तेव्हाच?"

"पिंपळ कोण तोडणार बाई?" मालन म्हणाली आणि पान उलटलं. "कोजागिरी. मालनच्या दोरीवर निळी चादर. वाऱ्यानं फुगली. पोटुशी दिसली." तिनं आणखी पानं उलटली. "पुढच्या वर्षीचं. होळीचा दुसरा दिवस. पिंपळापाशी भिंत उकलली. आतून मुंग्या निघाल्या. सगळ्यांच्या तोंडात पांढरं अंडं. एक ओळ धरून चालल्या."

"तारीख पक्की आहे?"

"होळी चुकते का?" शेवंती मागून म्हणाली.

"गौरी आल्या. पावसानं भेगेतून ओघळ आला. लाल. भिंतीच्या हातावर मेंदी काढल्यासारखा."

बाईंनी मान वर केली. "लाल? परत वाचा." मालननं परत वाचलं. "सळया गंजल्या होत्या," बाई म्हणाल्या. "तेव्हाच. दोन वर्षं आधी." त्या भराभर लिहू लागल्या.

मालनच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा थोडा जीव आला. तिनं पान उलटलं आणि त्याच सुरात सुरू केलं.

"अक्षय तृतीया. ऊन फार. पिंपळ माना टाकून. आज पोपटनं वरून वाकून..."

ती थांबली. तिचे डोळे ओळींवरून पुढे गेले, पुन्हा मागे आले.

"पुढे?" बाई म्हणाल्या.



"वाचा की," सीताराम पुढे सरकला. "आता का थांबलात?"

शेवंतीनं मालनच्या पाठीवर हात ठेवला. मग वहीकडे न बघता तिनं पुढचं सांगितलं.

"आज पोपटनं वरून वाकून पिंपळाला तांब्याभर पाणी घातलं. म्हणाला, मावशी, तुझं झाड माझ्या घराला लागलंय, भाडं घेईन. रोज घालतो म्हणाला. मालनला सांगू नको, ती ओरडेल. पानावरून एक थेंब माझ्या कपाळावर पडला. गार."



"मीच सांगितलं होतं त्याला," शेवंती म्हणाली. "खालून माझा हात पोचत नव्हता."

"लिहा मॅडम, हे पण लिहा," सीताराम म्हणाला. "स्वतःच पाणी घालत होते म्हणा."

बाईंनी ते लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. "वही जमा करावी लागेल. सगळीच."

मालननं वही दिली नाही. त्या पानात बोट घालून तिनं ती मिटली आणि शेवंतीकडे वळली. शेवंतीनं मान खाली घातली होती. जे काही ऐकावं लागेल ते ऐकायला ती तयार होती.

"मावशी," मालन म्हणाली, "आमचे हे अजून कुठं कुठं आहेत गं यात?"

बाईंचा हात पुढे केलेला तसाच राहिला.