तारेचं वजन

तार बत्तीस मिलिग्रॅम कमी भरली.

प्रयोगशाळेच्या स्टोअरच्या काकांनी चष्मा पुसला, काट्याची काचेची दारं नीट लावली आणि तार पुन्हा तोलली. आकडा हटला नाही. प्लॅटिनमची तार ते वजन करूनच देत आणि वजन करूनच परत घेत. त्यात सख्ख्या भाच्यालाही त्यांनी कधी सूट दिली नव्हती. समोर ती उभी होती, काखेत नुकता बांधून आणलेला पीएचडीचा प्रबंध. काकांची सही झाल्याशिवाय तो जमा होणार नव्हता, आणि प्रबंध घेणारी खिडकी चारला बंद होत होती.

ती चक्रावली. तार तिने कापली नव्हती, कुणाला उसनी दिली नव्हती. फूटपट्टी लावून पाहिली तर लांबी होती तेवढीच.

गोंधळ तिला नवा नव्हता म्हणा. चार वर्षं ती त्यातच राहत होती. पाण्यातून हायड्रोजन काढायला महागडं प्लॅटिनम लागतं. तिने ते काम स्वस्तातल्या निकेलकडून करून घेतलं होतं. कार्बनची पातळ पट्टी आणि तिच्यावर निकेल-फॉस्फरसचे, डोळ्यांना न दिसणारे कण. 'प्लॅटिनमविना' हा शब्द प्रबंधाच्या नावातच होता. तारेचं काम एवढंच, की पट्टीसमोर त्याच ॲसिडमध्ये उभं राहायचं आणि विजेला वाट द्यायची.

पण पट्टीचा स्वभाव उफराटा. इतरांचे उत्प्रेरक, म्हणजे अशी क्रिया घडवणारे पदार्थ, वापरून वापरून थकत, हिची पट्टी मात्र वापरून तरतरीत होई. नवी पट्टी पहिल्या दिवशी मठ्ठ, आठवड्याभरात हुशार. असं का, ते काही केल्या कळेना. तिने कणांचा आकार बदलून पाहिला, कार्बन आणि निकेल जिथे एकमेकांना भिडतात तो सांधा बदलून पाहिला. चाळीस पट्ट्या झाल्या आणि चाळिसांची तीच तऱ्हा. शेवटी 'वापराने पृष्ठभाग जागा होतो' अशी अकरा पानं लिहून तिने विषय मिटवला. मार्गदर्शक सरांना शंका बोलून दाखवली होती, तर ते म्हणाले, सुधारतंय ना, मग तोंड पाडून काय बसतेस. घरी आई तर तिला आत्तापासूनच डॉक्टरीणबाई म्हणू लागली होती.

काका बोलायला फटकळ, पण मनाने मऊ. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"चुकून कापली गेली असेल तर सांग पोरी. मी 'तुकडा तुटून हरवला' असं लिहितो. सही घे आणि पळ."

तिने नकारार्थी मान हलवली. मग धातू काय हवेत उडाला का, असं ते पुटपुटले आणि त्यांनी वही पुढे ओढली.

ती तार घेऊन खिडकीपाशी गेली. वरचं, कोरडं राहणारं टोक लखलखीत होतं. ॲसिडमध्ये बुडणारं टोक मात्र निस्तेज झालं होतं. बोट फिरवलं तर खरखरीत लागलं, आणि किंचित बारीकही. पट्ट्या चाळीस झाल्या, पण समोरची तार पहिल्या दिवसापासून एकच होती.

घड्याळात साडेतीन वाजले होते. काकांचं 'तुकडा' लिहून झालं होतं. गप्प बसायचं, सही घ्यायची, जिना उतरायचा. फार तर एक निष्काळजी मुलगी म्हणून नाव राहिलं असतं, आणि घरी आईची डॉक्टरीणबाई. तिला रडू आलं, आणि ते तिने लपवलंही नाही.

तिने प्रबंध टेबलावर ठेवला आणि वहीवर हात आडवा धरला.

"खोडा ते, काका. तार तुटली नाही. ती रोज थोडी थोडी विरघळून माझ्या पट्ट्यांवर जाऊन बसलीय. चार वर्षं सगळं काम तीच करत होती."