उपडा आरसा

पहिल्याच तासाला हॉलोरन सरांनी मॅरिसोलची चित्रं वर्गासमोर उंच धरली आणि डावी भुवई उडवून विचारलं, "शनिवारी सकाळी पायजम्यात बसून बघायची कार्टूनं ही! बाळ, दुधाची बाटली अजून सुटली नाही वाटतं?" वर्ग खिदळला. त्याच कार्टूनांच्या वेडापायी ती कॅलिफोर्नियातल्या या ॲनिमेशन कॉलेजात आली होती. तिनं राग गिळला. बाकीचे टेबलावरच्या आरशात स्वतःचीच तोंडं वेडीवाकडी करून पात्रांचे चेहरे काढायचे. तिनं आरसा उपडा ठेवला आणि वर्षभर सरांचंच तोंड टिपलं. वर्षअखेरीला कॉलेजच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर तिची कार्टून फिल्म लागली. पडद्यावरच्या गिधाडानं डावी भुवई उडवताच कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर आपला हॉलोरन!" सगळा हॉल खदखदून हसला. सर ताडकन उठले. "मी असा दिसतो?" विचारता विचारता त्यांची डावी भुवई उडालीच. मॅरिसोलनं पिशवीतून आरसा काढून त्यांच्यापुढे धरला.