थेंबाचं कडं
नवऱ्याची, सांतानची दारू सुटावी म्हणून आपोलिना त्यानं लपवून ठेवलेल्या फेणीत गुपचूप विहिरीचं मचूळ पाणी मिसळायची. काळ्या पाट्यावर थेंब टाकला की तो पसरायचा, फेणी उडून जायची, मिठाचं फिकट कडं मागं राहायचं. ते बघून किती पाणी खपलं ते तिला कळायचं.

आज थेंब पसरलाच नाही. वाळला तेव्हा जाड, पांढरं कडं उरलं. बाटलीत नुसतंच पाणी! तिनं तर पेलाभरच घातलं होतं. मग फेणी ओतून टाकली कुणी?

संध्याकाळी सांतान त्याच बाटलीतलं प्यायला आणि बुडालेल्या मुलाच्या, पेद्रूच्या नावानं रोजच्यासारखा रडू लागला.

"चढली गो माका, म्हणान रडतंय."

आपोलिनानं त्याच्या पेल्यातल्या नुसत्या पाण्याकडं पाहिलं. पेद्रू गेल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. तिनं पेला पुढं केला.

"माका पण वाईच घाला."