कागदावरचं वय

लेखा विभागातले दोन जुने हिशेबनीस निवृत्तीचे फॉर्म भरत बसले होते. तीस वर्षं टेबलाला टेबल लावून काढलेली, त्यामुळे एकमेकांच्या फॉर्ममध्ये डोकावायला संकोच कसला?

“भाऊ, आपण दोघं एकाच वर्षी जन्मलो की रे,” शेजारी म्हणाला. “मग तू पदवीधर माझ्यानंतर दोन वर्षांनी कसा? कॉलेजात गटांगळ्या खाल्ल्यास वाटतं!”

एरवी अशी थट्टा भाऊ हसण्यावारी न्यायचे. आज त्यांनी पेन खाली ठेवलं.

“एकदाही नापास झालो नाही रे. हे वय माझं नाहीच. थोरल्याचं नाव शाळेत घातलं आणि पंधरा दिवसांत तो तापाने गेला. आईला ते नाव पटावरून काढवेना. दोन वर्षांनी तिने मलाच त्याच्या जागी बसवलं.”

शेजाऱ्याचा चेहरा उतरला. “म्हणजे हे नावही...?”

“त्याचंच.”

“मग तुझं खरं नाव काय?”

भाऊंनी सांगितलं खरं, पण सांगताना जीभ अडखळली. घरात आई त्याच नावाने हाक मारायची. ती गेल्याला बावीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून ते कुणी उच्चारलंच नव्हतं.

शेजाऱ्याने आपला फॉर्म बाजूला सारला. मग त्याने त्या नावाने हळूच हाक मारली.

भाऊंच्या तोंडून नकळत ‘ओ’ निघून गेली, आणि समोरच्या फॉर्मवरची अक्षरं त्यांना दिसेनाशी झाली.