कोठीच्या खोलीखालचा पाइप

हेटी मिलबर्नच्या घराखालचे गरम पाण्याचे पाइप गुंडाळून देण्यात विल्फ डॉड्सला एक पेनीही सुटणार नव्हती. सुटणार होता तो चांदीचा कप. सप्टेंबरातल्या प्रदर्शनात सर्वांत वजनदार कांद्याला मिळणारा, आणि गेली सहा वर्षं हेटीच्या शेकोटीवरच्या फळीवर ठाण मांडून बसलेला. त्या सहाही वर्षी विल्फ दुसरा आला होता.

"फुकट?" हेटीने दारातच विचारलं. "बरं वाटत नाही का रे तुला?"

"घराला शंभर वर्षं झाली, पाइप उघडेनागडे. नळाला पाणी येईतो निम्मी ऊब उंदरांच्या वाट्याला जाते."

"मग उंदीर तुला शिव्या देतील."

"देऊ देत. खाणीत पंचवीस वर्षं फोरमनच्या खाल्ल्यात."

हेटी हसली आणि चहाचं आधण ठेवायला गेली. विल्फने घरातल्या बोळातली जमिनीची फळी उचलली आणि पोटावर झोपून जमिनीखाली शिरला.

खरी गोष्ट त्याला आठवड्यापूर्वी कळली होती. तिचा गळका नळ दुरुस्त करताना तो कोठीच्या खोलीत गुडघ्यांवर बसला, हात टेकला, तर लाकडी फळ्या कोमट! आणि त्या फळ्यांवर दोन ट्रे, त्यांत दोऱ्यासारखी हिरवी कांद्याची रोपं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी बी पेरायचं, ही या गावाची रीत. पण पुढचे दोन महिने ती रोपं घरात कुठे ठेवली, हे इथे नवरा बायकोलासुद्धा सांगत नाही. विल्फने कान लावला. गरम पाण्याच्या टाकीकडून स्वयंपाकघराकडे जाणारा पाइप बरोबर त्या ट्रेंखालून जात होता.

म्हणजे सहा वर्षं आपल्याला हेटीने नव्हे, एका पाइपाने हरवलं!

त्याच्या स्वतःच्या घरात बी रुजतच नसे. बायको डोरीन वारल्यापासून तो एकाच खोलीत शेकोटी पेटवायचा. बाकीच्या घरात लोणीसुद्धा दगड व्हायचं. रोपं त्याला मार्चमध्ये क्लबातला दोस्त नेड टेट स्वतः वाढवलेली म्हणून आणून द्यायचा, बियरच्या दोन ग्लासांच्या बदल्यात. रोपं मात्र अव्वल. गेल्या वर्षी विल्फचा कांदा हेटीच्या कांद्याहून तीन औंसच कमी भरला. परीक्षक म्हणालाही, "जुळे भाऊ दिसतात."

"हेटीकडेच माग की रोपं," क्लबात कुणीतरी टोमणा मारला.

"बाईच्या हातची रोपं लावून कप मिळवू? त्यापेक्षा मुळा लावीन," विल्फ म्हणाला. सगळा क्लब हसला. नेड तेवढा ग्लासात बघत राहिला.

जमिनीखाली जेमतेम दीड हात जागा होती. विटांचा चुरा, कोळ्यांची जाळी, कुणा गवंड्याने टाकलेली चिलीम. विल्फने तांब्याचा पाइप पुसला, फोमची नळी उभी चिरलेल्या बाजूने त्यावर चढवली, सांधे काळ्या चिकटपट्टीने बंद केले. कोपऱ्यांवर तिरके काप घेतले. मन काळं असलं तरी हात कारागिराचे होते. काम वाईट करणं त्याला जमलंच नाही. दोन दिवस गेले, फोम आणि पट्टीला अडतीस पौंड पडले, कोपरं सोलली. हेटीने दोन्ही दिवस जेवायला मटणाचा पाय दिला. त्याने दोन्ही दिवस पोटभर खाल्ला.

काम संपल्यावर चौथ्या रात्री कडाक्याचं हिव पडलं. विल्फला छान झोप लागली.

फेब्रुवारीत हेटी दुकानापाशी भेटली.

"पाणी कसं येतं आता?"

"तोटी फिरवली की चटका! तुझ्या हाताला यश आहे बाबा."

"आणि कोठीची खोली?"

"गारठलीय. दूध मात्र चांगलं टिकतं." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. रोपांचं नाव काढलं नाही.

हार लपवावी तर अशी, विल्फला वाटलं. त्या आठवड्यात त्याने आपला वाफा दोनदा खणला, खत घातलं, आणि कपासाठी कपाटावरची जागा पुसून ठेवली.

मार्चच्या पहिल्या शनिवारी नेड आला. दोन्ही हात खिशात.

"रोपं कुठायत?"

"गेली. जानेवारीतल्या हिवात एका रात्रीत आडवी झाली."

"तुझ्या स्वयंपाकघरात? तिथे तर भट्टी असते!"

"माझ्या स्वयंपाकघरात मी अंडी उकडतो, विल्फ." नेड खुर्चीत बसला. "डोरीन गेली त्या वर्षापासून तुझी रोपं हेटी करते. कोठीतले दोन्ही ट्रे तुझे. बाईच्या हातची तू घेणार नाहीस, म्हणून नाव माझं."

विल्फने मनातल्या मनात बेरीज केली. फोम त्याचा, कोपरं त्याची, रोपंही त्याचीच.

"आणि तिची?" त्याने शेवटी विचारलं.

"तिची वर असतात, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात. यंदा पेन्सिलीएवढी जाड झालीत. म्हणते, विल्फने पाइप गुंडाळल्यापासून टाकी सकाळपर्यंत गरम राहते."