पुस्तकात नसलेली ओळ

‘...आणि त्या माउलीनं एकदाही त्याच्यावर हात उगारला नाही,’ विमलनं वाचलं आणि ती थांबली.

ओसरीवरच्या सात-आठ बायकांनी पदर डोळ्यांना लावले. वाचनाचा आज सहावा दिवस. कादंबरीतला तो मुलगा जन्मापासून बोलत नव्हता. कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता, हाक मारली तरी वळत नव्हता. पण गोरापान होता. दिवसभर खिडकीत बसून आभाळ बघायचा. कधी चावायचा नाही, कधी किंचाळायचा नाही. त्याची आई त्याला मांडीवर घेऊन हसत राहायची. लिहिणाऱ्यानं प्रत्येक प्रकरणात तिला देवीची उपमा दिली होती.

विमलची लीलाही पाच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. आत्ता ती आतल्या खोलीत होती. दाराला बाहेरून कडी. आतून पितळी वाटी उंबऱ्यावर आपटल्याचा आवाज येत होता, एका लयीत, न थांबता. बायकांना तो ऐकू येत होता. त्या सवयीनं जरा मोठ्यानं बोलायच्या, एवढंच. पुस्तकातल्या पोराला गुण येईल का, असं त्यांनी सहा दिवसांत विमलला कितीदा तरी विचारलं. लीलाबद्दल कुणी काही विचारलं नाही.

पुस्तकं विमलचे यजमान आणायचे. वसंतराव तेर गावच्या शाळेत मास्तर होते. शनिवारच्या मोटारीनं धाराशिवला जायचे, वाचनालयातून कादंबरी घेऊन यायचे. गावातल्या बायकांनी आजवर पोथीच ऐकलेली. त्यामुळं कादंबरीही त्या पोथीसारखीच ऐकायच्या. पुस्तक चौरंगावर. वाचायच्या आधी त्याला हळदकुंकू. पुठ्ठ्यावरचे लाल डाग बघून वाचनालयातला कारकून दर खेपेला वसंतरावांवर करवादायचा. मधेच उठायचं नाही, हाही नेम. आणि वाचणारीची एखादी ओळ चुकली तर तिनं मागं जाऊन ती परत वाचायची, नाहीतर ऐकणारीला दोष लागतो. हे शेजारच्या सत्यभामाकाकूंचं सांगणं. काकूंना अक्षर येत नव्हतं, पण चूक बरोबर कळायची.

“आई असावी तर अशी,” सत्यभामाकाकू आतल्या दाराकडं न बघता म्हणाल्या. “जातीचीच माया लागते त्याला.”

विमलची नजर पानावर होती, पण तिला सकाळ दिसत होती. लांबच्या आडावरून शेंदून आणलेली प्यायच्या पाण्याची घागर लीलानं चुलीपुढं उपडी केली होती. तिसऱ्यांदा. विमलनं तिला मारलं. एखादी चापट नाही, हात भरून येईपर्यंत मारलं. लीला रडली नाही. गालावर बोटं उमटली तरी ओल्या जमिनीवर रेघा ओढत बसली. रडली ती विमलच. वसंतराव शाळेत गेले होते. हे सांगावं असं घरात-दारात कुणी नव्हतं.

तिनं पुढची ओळ वाचलीच नाही. मान खाली ठेवून त्याच संथ सुरात म्हणाली, ‘पण एका सकाळी तिचा धीर सुटला. तिनं त्याला मारलं. हात दुखेपर्यंत मारलं. आणि मारता मारता तिच्या मनात आलं, हे लेकरू मला झालंच नसतं तर.’

आतली वाटी तेवढी वाजत राहिली.

मग एकदमच कुजबुज उठली. कुणी म्हणालं, ही आई का कैदाशीण. कुणी म्हणालं, लिहिणारा त्या दिवशी शुद्धीवर नसावा. सत्यभामाकाकूंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“आत्ताच तर वाचलंत, एकदाही हात उगारला नाही म्हणून. ओळ चुकली तुमची, विमलबाई. मागं जा आणि परत वाचा.”

सगळ्यात खालच्या पायरीवर कस्तुराबाई बसली होती. खुरपणीवरून परस्पर यायची, खुरपं शेजारी ठेवून ऐकायची, वाचन संपलं की कुणाशी न बोलता निघून जायची. सहा दिवसांत तिनं तोंड उघडलं नव्हतं.

“वाचू द्या की तेन्ला म्होरं,” ती म्हणाली. “मंग काय केलं तिनं?”

विमलच्या ओठांवर पुढची ओळ तयार होती. तिनं वर पाहिलं. सगळ्या जणी तिच्याकडंच बघत होत्या, मास्तरांच्या बायकोकडं. तिनं घाईनं पानावर बोट ठेवलं.

चुकलंच माझं, ती म्हणाली, नजर भलत्या ओळीवर गेली. आणि तिनं परत वाचलं: ‘आणि त्या माउलीनं एकदाही त्याच्यावर हात उगारला नाही.’

बायकांचा जीव भांड्यात पडला. पदर पुन्हा डोळ्यांकडं गेले.

वाचन संपलं, ओसरी रिकामी झाली. कस्तुराबाई मात्र पायरीवरच उभी राहिली. तिनं खालच्या आवाजात विचारलं, ती मारल्याची ओळ खरंच पुस्तकात न्हाय का?

आता ऐकायला दुसरं कुणीही नव्हतं. ती ओळ माझीच आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

“नाही,” विमल म्हणाली. “चुकून तोंडून निघाली.”

कस्तुराबाईनं मान हलवली. वाकून खुरपं उचललं.

“माझं बी लेकरू असलंच हाय,” ती म्हणाली. “रानात येताना बाजेला बांधून येते. कवा कवा लई हाणते बी.” तिनं कडी लावलेल्या दाराकडं बघितलं. त्या ओसरीवर आजवर तिकडं कुणी बघितलं नव्हतं. “मला वाटलं, कुणीतरी माझं लिवलंय.”