आपली कोळीण

दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेना. "आईला नीट सांभाळीन," मुलानं हात जोडून सांगितलं. मुलीनं झाडांना पाणी घालायचंही कबूल केलं. कावळे फांदीवरच.

सून मागे उभी होती. रोज दुपारी ती आणि सासरे मिळून जीवघेण्या खेळाची कोरियन मालिका बघायचे. त्यातल्या मासेवालीला ते 'आपली कोळीण' म्हणायचे. शेवटचा भाग तेवढा राहिला आणि ते दवाखान्यात गेले. "माझ्याशिवाय बघू नकोस गं."

तिला राहवलं नाही. नंतर त्यांनी विचारलं, तर "नाही हो बाबा," म्हणाली.

आता ती पिंडाजवळ वाकून पुटपुटली, "बाबा, मी पाहिला. आपली कोळीण वाचली."

कावळा झेपावला.

"सुनेनं सासूला सांभाळायचा शब्द दिला असणार. बायकोतच जीव अडकला होता," सगळे म्हणाले. सासूबाईंनी समाधानानं डोळे पुसले. सुनेला मान वर करवेना.